वारीतली इनोव्हा : घरासाठी जुनी गाडी घेतानाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

भाऊबीजेला वाईला गेलो तेव्हाच हे काम डोक्यात बसलं होतं. वॅगनआरमध्ये सहा जण. नवरा चालवत होता, बाबा पुढे, मागे आई, मी आणि दोन्ही मुलं, त्यात धाकटा माझ्या मांडीवर. खंबाटकीचा चढ संपेपर्यंत आई काही बोलल्या नाहीत. सुरूर फाट्याला चहाला थांबलो तर त्यांना गाडीतून उठताच येईना. मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि सीट इतकी खाली की उठताना सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. दोन्हीकडून धरून उतरवलं. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथंच" असं त्या म्हणाल्या ते मला फार लागलं.

गुढीपाडव्याच्या आत मोठी गाडी घ्यायची असं आज ठरलं. एकूण पैसे ७ लाख २५ हजार, एफडी मोडून, कर्ज न काढता. त्यातले ७५ हजार दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढले आहेत. म्हणजे गाडीची किंमत साडेसहाच्या वर जायला नको.

२२ सप्टेंबरपासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला, मग नवीच का नाही, असं दोन-तीन जणांनी विचारलं. एवढ्या पैशांत नवी सात आसनी येतेही. पण चार मीटरच्या आत सात जण बसवले की सामानाला जागा उरत नाही, आणि वाईहून परतताना आमच्याबरोबर तांदूळ, हळद, नारळ असं सगळं असतं.

ऑफिसात दिवसभर व्हाउचर तपासायचं माझं काम आहे. तीच सवय इथं वापरणार. काय पाहिलं, कोण काय म्हणालं, किती पैसे गेले, ते त्याच दिवशी लिहायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या विंगमधल्या काकांची इनोव्हा आहे. त्यांना विचारून आईंना तीत बसवून पाहिलं. दार उघडलं, आईंनी वरचं हँडल धरलं, आधी सीटवर टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. वाकावं लागलं नाही. टेपनं मोजलं तर सीटची उंची त्यांच्या जेवणाच्या खुर्चीपेक्षा थोडीच जास्त आहे. मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या असतात ते मॉडेल बघायचं, म्हणजे मुलांना आईंच्या पायांवरून जावं लागणार नाही.

बाबांचा ओढा आधीपासून याच गाडीकडे आहे. ते पिंपरीला टर्नर होते, तिथं साहेबांना आणायला क्वालिस असायची. २००० साली आलेली क्वालिस २००५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी इनोव्हा आली. क्वालिस बंद पडून उभी राहिलेली कधी पाहिली नाही, असं बाबा अजून सांगतात.

पार्किंगही मोजलं. गाडी साडेचार मीटरहून थोडी लांब. आमच्या दोन खांबांमध्ये बसते, पण डाव्या बाजूचं दार पुरतं उघडणार नाही. आईंना गेटपाशी उतरवून मग गाडी आत घ्यायची.

९ नोव्हेंबर, रविवार

धनकवडीत आमची वॅगनआर ज्यांच्याकडे असते त्या मेकॅनिकदादांकडे तासभर बसले. आजवर इतकी कामाची माहिती कुणी दिली नव्हती, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

त्यांचं पहिलंच वाक्य : "ताई, इनोव्हा आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. बाजारात सगळ्यात जास्त पळवलेली गाडी हीच. दुसरी गाडी चार लाख किलोमीटर पळाली की आवाजावरनं, धुरावरनं कळतं. हिला कळत नाही. म्हणून तर चार लाखाची दीड लाखाची करून विकता येते."

रात्री जेवतानाही हे वाक्य डोक्यात होतं. ज्या गुणासाठी आपण ही गाडी घेतोय तोच गुण तिचं मागचं आयुष्य झाकून टाकतो. म्हणजे गाडी चालवून बघण्याइतकंच तिच्या मागे काय काय झालंय ते शोधणं महत्त्वाचं.

बाकी त्यांनी सांगितलं ते असं. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) असतो, चेन नाही. एक-दीड लाख किलोमीटरला तो बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्टचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. (आमच्या खात्यातही हाच नियम.) इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढायचं. तोंडातून धुराचे भपके येऊन झाकण थडथडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, तिथून परत फिरायचं. गाडी चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी, म्हणून खाली वाकून चासीच्या पट्ट्यांवर वेल्डिंग दिसतंय का ते बघायचं आणि प्रॉपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे जोड, हलवून पाहायचे. पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट या वयात जातातच, त्याला घाबरायचं कारण नाही.

साल २०१२ ते २०१५ मधलं धरायचं ठरलं. २०१६ ला पुढची इनोव्हा, क्रिस्टा, आली, ती आमच्या पैशांत बसत नाही. फार मागे गेलं तर पंधरा वर्षं लगेच भरतात. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण होतं, पण मोटारीला त्याची नुसती फीच पाच हजार, वर पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाकडला एका डीलरकडे २०१४ ची गाडी पाहिली. मोत्यासारखा पांढरा रंग, आत परफ्यूम मारलेला, मीटरवर ८४ हजार. नवरा आणि मी दोघंही भुललो. संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे असं म्हणाले, म्हणून मी तिथंच ५ हजार टोकन पाठवलं. चूक माझी, लिहून ठेवते.

टोकन गेल्यावर बाबांनी बॉनेट उघडायला लावलं. बेल्टच्या काळ्या कव्हरवर नखानं खरवडलेल्या स्टिकरचा तुकडा होता. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइलचा उजेड तिरका धरला आणि वाचलं : "बदलला १,९१". पुढचे आकडे गेले होते. मग ब्रेकच्या पॅडलचं रबर दाखवलं, उजवीकडून झिजून आतलं लोखंड चमकत होतं. ड्रायव्हर सीटचा दाराकडचा काठ दबून सपाट झालेला. ८४ हजारात हे होत नाही.

"मालकानं जसं दिलं तसं आम्ही देतो, सर," एवढंच उत्तर मिळालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

टोकनसाठी तिसरी खेप. तीन हजार परत दिले, दोन हजार 'प्रोसेसिंग'चे म्हणून कापले. खर्चाच्या रकान्यात पहिली नोंद : २,०००. यापुढे कागद हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिंहगड रोडवर नदीच्या बाजूची सोसायटी. २०१३ ची गाडी, पहिलाच मालक, १ लाख १२ हजार, मागणी फक्त ५ लाख ४० हजार. मालक साठीचे, बोलायला अतिशय सज्जन. सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार लावलेल्या.

इथं मला आवडलं नाही ते एकच : पावत्या जुलै २०२४ पर्यंत सलग, मग एकदम सप्टेंबरची ४८ हजारांची. त्यात कार्पेट, स्टार्टर, वायरिंग.

मधल्या रांगेतला सीटबेल्ट मी धरला आणि ओढत गेले. बेल्ट माणूस बसताना जेवढा निघतो तेवढा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा, एरवी कायम खांबात गुंडाळलेला राहतो तो भाग बाहेर आला आणि त्यावर आडवी तपकिरी रेघ दिसली. रेघेच्या खाली कापड कडक झालेलं. बोट फिरवलं तर बारीक माती हाताला लागली.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहाटे पाणी आलं. गाडी काढायला खाली गेलो तोवर दारापर्यंत होतं."

२५ जुलै २०२४. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरी, पुलाची वाडी, दत्तवाडी भागात घरांत शिरलं तो दिवस. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं आमच्या बाजूच्या कितीतरी गाड्या वाहून नेल्या होत्या. पुण्यात जुनी गाडी बघताना हे दोन दिवस लक्षात ठेवून त्या सुमाराच्या पावत्या वेगळ्या वाचायला हव्यात. पाण्यात बुडालेली गाडी दुरुस्त होऊन पळते, पण वायरिंगच्या जोडांमध्ये गंज पुढची कित्येक वर्षं वाढत राहतो.

त्यांचा राग आला नाही. त्यांनी चहा दिला, आम्ही घेतला. पण आईंना घेऊन घाटात जायचंय, ही गाडी नको.

३० नोव्हेंबर, रविवार

तीन गाड्या, तिन्ही बाद. चाकणची आधी कंपनीच्या कराराची टॅक्सी होती, पिवळी पाटी बदलून पांढरी केलेली. बिबवेवाडीची पुढून ठोकलेली : पुढची काच वेगळ्या कंपनीची, दोन्ही हेडलाइट नवे, आणि बाबांचं कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक डाव्या फेंडरला चिकटलंच नाही, आत नुसती पुट्टी. हडपसरची दिल्ली पासिंगची. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात आल्या. पण इथला रोड टॅक्स पुन्हा भरायचा, एनओसीच्या मागे धावायचं, आणि गाडीचा मागचा इतिहास विचारायचा कुणाला? नको.

७ डिसेंबर, रविवार

सासवडच्या अलीकडे अंजिराची बाग असलेले एक काका. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीतून कळलं. २०१३ ची इनोव्हा, रुपेरी रंग, एमएच १२, पहिलाच मालक, मधल्या दोन खुर्च्या वेगळ्या, १,४८,३१० किलोमीटर. मागणी ६ लाख ९० हजार. मुलानं नवी गाडी घेतली, दोन गाड्यांचा विमा कशाला, म्हणून विकताहेत.

गाडी चकचकीत नव्हती. डाव्या दारावर बाभळीच्या काट्यांचे ओरखडे, मागच्या काचेवर 'माउली' हे अक्षर उन्हानं फिकट झालेलं. सिंहगड रोडचा धसका होताच, म्हणून मी आधी सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. स्वच्छ. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांत बोट घातलं, आणि बोट काळं झालं. क्षणभर धस्स झालं. नाकाशी नेलं तर मातीचा वास नव्हता, सुगंधी होतं ते.

"बुक्का हाय तो," काकू म्हणाल्या. "वारीतला."

मग काका सांगायला लागले. गाडी घेतली त्या वर्षापासून दर आषाढात ती त्यांच्या दिंडीबरोबर पंढरपूरला जायची. औषधं, पाण्याचे कॅन, आणि ज्यांचे पाय उचलत नाहीत अशी म्हातारी माणसं. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, थेट वाखरीपर्यंत. २०२० आणि २०२१ ला पायी वारीच झाली नाही, ती दोन वर्षं सोडली तर एकदाही चुकली नाही. सांगताना त्यांचा हात गाडीच्या टपावर होता.

माझं मन तिथंच बसलं. पण परत येताना दादांना फोन लावला तर ते वेगळंच म्हणाले : "ताई, वारीत गाडी माणसाच्या चालीनं चालते. पहिला गिअर आणि अर्ध्या क्लचवर पाय, दिवसभर. मीटरवर ते अडीचशे किलोमीटर दिसतात. क्लचला ते पंचवीस हजारासारखे. आणि इंजिन ताशी पाचच्या वेगानं दिवसभर चालू, त्याचे तास मीटरमध्ये येतच नाहीत."

म्हणजे इथं मीटर खरा आहे, तरी तो पुरं सांगत नाही. अकरा वाऱ्या.

काकूंनी पिशवीभर अंजीर दिले. खट्टा बहार, म्हणजे अंजिराचा हिवाळी हंगाम, नुकताच सुरू झालाय.

१० डिसेंबर, बुधवार

काकांनी फाईल पाठवली. ८० हजारापर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पावत्या, पुढे सासवडच्या एका गॅरेजच्या हातानं लिहिलेल्या. माझ्या दृष्टीनं हातानं लिहिलेल्या पावत्यांचं मोल कमी नाही, कारण प्रत्येकीवर किलोमीटर आहेत. सगळे आकडे तारखेप्रमाणे एका तक्त्यात टाकले. वर्षाला ११ ते १३ हजार, २०२० ला ४ हजार. आकडा एकदाही मागे गेलेला नाही आणि लॉकडाऊनचा खड्डाही बरोबर जागेवर आहे. मीटर खरा.

विम्याच्या मागच्या सहा वर्षांच्या पॉलिसी मागवल्या. हे कुणी सांगत नाही, पण पॉलिसीवर नो क्लेम बोनस छापलेला असतो. क्लेम न घेता वर्षं जातील तसा तो २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर जातो, आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षी खाली येतो. सहाही पॉलिसींवर ५०. म्हणजे विम्यातून दुरुस्त करण्याएवढा मोठा अपघात या सहा वर्षांत नाही. (हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही.)

परिवहनच्या संकेतस्थळावर : पहिला मालक, बँकेचा बोजा उतरवलेला, नोंदणी २०२८ पर्यंत, इंजिन बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक). पुण्यात बीएस ४ देशाच्या बऱ्याच भागाआधी, २०१० पासून लागू होतं. एक ई-चलान बाकी, वेगाचं, ते काका भरतो म्हणाले. नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरची) पाटी बसवलेली आहे, हे बरं झालं. ती नसेल तर आरटीओत नाव बदलायचं काम अडतं.

एक गोष्ट नाही : टायमिंग बेल्टचं बिल. काका म्हणतात बदललाय, कधी ते आठवत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दादांना घेऊन गेलो. झाकण काढलं, धूर नाही. चासी कोरी, वेल्डिंग नाही, कोरलेला चासी नंबर आरसीशी जुळला. टायरच्या कडेचे चार आकडे दादांनी मुलीला वाचायला लावले : ३२१८. म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे पण रबर सात वर्षांचं, कडेला बारीक चिरा. टायर बदलायचे.

मग दिवेघाट. खाली वडकीपर्यंत उतरलो आणि वळून वर. रुंदीकरणाचं काम चालू आहे, ट्रकच्या मागे थांबत थांबत. मोकळा चढ मिळाला तसा दादांनी चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला, आणि वेगाचा काटा जिथल्या तिथं. खिडकीतून जळका वास आला, ब्रेकच्या लायनरसारखा. क्लच घसरतोय. घाटमाथ्यावर विठ्ठलाच्या मूर्तीपाशी गाडी उभी केली तेव्हा दादा म्हणाले, "इंजिन एक नंबर आहे. क्लच संपलाय. वारीनं जेवढा घ्यायचा तेवढा घेतला."

काकांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. क्लच, टायर, बुश आणि न सापडलेलं बेल्टचं बिल, असा हिशेब मी कागदावर लिहून समोर ठेवला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. ६ लाख ४५ हजारांवर ठरलं.

बाबांनी घरी येऊन विचारलं, "क्लच गेलेली गाडी का घेतेस?" मी म्हटलं, बाबा, हिचं काय गेलंय ते आपल्याला माहीत आहे. आधीच्या पाच गाड्यांचं काय गेलं होतं ते कुणीच सांगत नव्हतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

पैसे आरटीजीएसनं. रोखीत दोन लाख किंवा त्याहून जास्त घेणं कायद्यातच बसत नाही, आणि उद्या प्रश्न आला तर बँकेची नोंद हाच पुरावा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहिली, दुपारी १२:४०. त्याआधीचं चलान किंवा अपघात त्यांचा, पुढचा आमचा. विमा चौदा दिवसांत माझ्या नावावर करायचा आणि आरटीओत अर्ज तीस दिवसांत. दोन्ही उद्याच.

किल्ली देण्याआधी काकूंनी गाडीला हळदीकुंकू लावलं. काका 'माउली' खरवडून काढायला ब्लेड घेऊन आले होते. राहू द्या म्हटलं.

२४ डिसेंबर, बुधवार

गाडी गॅरेजमध्ये, चौथा दिवस. सुटे भाग नाना पेठेतून बाबा आणि दादा दोघांनी जाऊन आणले. या गाडीचा एकही भाग मागवावा लागला नाही, एका गल्लीत सगळे मिळाले. बाबांच्या मते भरवशाच्या गाडीचं निम्मं श्रेय या दुकानांचं आहे.

दुपारी दादांनी बेल्टचं कव्हर काढलं आणि मला मुद्दाम फोन करून बोलावलं. ऑफिसातून तासभर सुट्टी काढून गेले. बेल्टच्या पाठीवरची पांढरी छापील अक्षरं अजून वाचता येत होती. दाते शाबूत, कडा उसवलेल्या नाहीत, पालथा दुमडून पाहिला तर एकही चीर नाही. "पहिला बेल्ट असता तर यावर काही उरलं नसतं. हा मधे बदललेला आहे."

काका खरं बोलत होते.

नवा आणलेला होता आणि हा किती वर्षांचा ते कळायला मार्ग नाही, म्हणून बदललाच. पण भाव करताना मी त्यांच्या शब्दाचे पैसे कापले होते. तिथूनच त्यांना फोन केला आणि सांगितलं, काका, बेल्ट बदललेला होता, तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, बाळा." जरा थांबून विचारलं, "आता आवाज कसा येतोय?" मी फोन इंजिनाजवळ धरला असता, पण इंजिन उघडलेलं होतं.

जुनी क्लच प्लेटही ठेवून घेतली आहे. रिव्हेटपर्यंत गुळगुळीत झालीय, कडेनं निळसर.

खर्च : क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मजुरीसह १६,८००. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर ९,४००. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट ७,२००. सगळी ऑईलं, फिल्टर, कूलंट ८,६००. चार टायर २७,६००. एकूण ६९,६००. बाजूला काढलेल्या ७५ हजारांत बसलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

वाई. निघताना टाकी पूर्ण भरली. चढाला चौथ्या गिअरमध्ये वेग आणि आवाज बरोबरीनं चढतात, मी काट्यांवर नजर ठेवून होते. सुरूरला चहाला थांबलो. परतीत मागे तांदळाचं पोतं, हळद, आणि आईंच्या बहिणीनं दिलेलं मातीचं मोठं रांजण, जे आई गेली दोन वर्षं आणू म्हणत होत्या.

धनकवडीत येऊन पुन्हा टाकी भरली : लिटरला १२.६. मागच्या उजव्या बाजूनं खड्ड्यात टक् असा आवाज येतो. दादांच्या मते शॉकअपचं बुश, दोनशे रुपयांचं काम, घाई नाही. नोंद केली.

२० जानेवारी, मंगळवार

आरसी पोस्टानं आली, माझ्या नावावर. मालक क्रमांक दोन.

काकांच्या फाईलमध्ये मागे माझी पानं लावली आहेत, नवी फाईल केली नाही. बेल्टच्या कव्हरवर दादांनी नवं स्टिकर लावलंय आणि तारीख, किलोमीटर मार्करनं ठळक लिहिलेत.

सकाळी काकांचा फोन होता. दिंडीला यंदा टेम्पो ठरलाय, पण तीन म्हाताऱ्या वारकऱ्यांना टेम्पोत चढता येत नाही. आषाढात सासवड ते जेजुरी, एक दिवस, गाडी मिळेल का. आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "विचारतेस काय? मीपण जाते."

काकांना हो कळवलं. त्या दिवशी मी चालवणार.